बेलव्हार साहेबांचा हुकूम

३ डिसेंबर १९५७, दारव्हा

दाढ ठणकतेच आहे. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या.

बाजाराचा दिवस, म्हणून ओसरीवर सकाळपासून अर्जवाले. शिरस्तेदारीतून निवृत्त होऊन आठ महिने झाले, पण कोर्ट काही घरातून जायला तयार नाही. दुपारी बोरीअरबजवळच्या तांड्यावरचे थावरा राठोड आले. विहिरीच्या वाटणीचा अर्ज लिहायचा होता. पलटणीत खेचरांवर होते, दोन्ही लढायांत फ्रान्सला जाऊन आले, एवढं ऐकून होतो. टेबलावर यवतमाळहून आणलेलं लढाईचं इंग्रजी पुस्तक होतं. सहज विचारलं, चाळीस साली तुम्ही कोणत्या भागात? गावाचं, नदीचं नाव सांगता येईना. म्हणाले, "आमच्यावर बेलवार जरनेल साहेब होता."

नाव शोधलं. सापडलं. सगळ्या जाड पुस्तकात दीड ओळ. जनरल बेलव्हार यांनी माघारीचा हुकूम मिळण्याआधीच पूल सोडला आणि मागच्या दोन पलटणी शत्रूच्या हाती लागल्या. मराठीत सांगितलं.

थावराजींनी पुस्तक हातात घेऊन उलटवून पाहिलं. मग म्हणाले, "किताब खोटी हाय बाबूजी. हुकूम आलता. मी तथीच होतो."

विहिरीचा अर्ज राहूनच गेला.

९ डिसेंबर

तांड्यावर जाऊन आलो. मोटारीने बोरीपर्यंत, पुढे पायी. म्हाताऱ्याला दोन सुना, दोघी कापूस वेचायला गेलेल्या, म्हणून चहा त्यांनी स्वतःच केला. काळा आणि गोड.

बयान घेतलं. जुनी सवय, आधी प्रश्न, मग उत्तर.

पहिल्या लढाईत कामठीला भरती झाले. वय अठरा असावं. खेचरांच्या पाठीवर खंदकापर्यंत दारूगोळा न्यायचा, येताना जखमी आणायचे. तिथे हिंदी फौजेबरोबर दुभाष्या म्हणून एक तरुण फ्रेंच अधिकारी होता, लपटन (लेफ्टनंट) बेलवार. मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. त्याच्या गुडघ्याला गोळी लागली तेव्हा थावराजींनी त्याला खेचरावर बांधून मागे आणला.

"बांधून?"

"बसता येत नोहोतं न त्याले. पोत्यावानी बांधला. रस्ताभर शिव्या देऊन राह्यला होता, त्याईच्या भाषेत. मी म्हटलं, दे बाप्पा, शिव्या देते म्हंजे जित्ता हाय."

चाळीस साली परत फ्रान्स. आता थावराजी हवालदार, आणि लपटनचा जनरल झालेला. हिंदी खेचरं दिसली म्हणून तो मुद्दाम गाडीतून उतरला, रांगेतून लंगडत चालत आला आणि यांच्यासमोर थांबला. म्हणाला, "तू वही है, मुझे बाँधनेवाला."

हे सांगताना थावराजींनी उठून दोन पावलं लंगडून दाखवलं. त्यांना हसू येत होतं, आणि मलाही.

१० डिसेंबर

मुख्य भाग काल नीट उतरला नाही. आज आठवणीने लिहून ठेवतो.

पूल होता. सकाळपासून तोफा. मोटरसायकलवाला आला. साहेबाने हातातला कागद वाचला, टोपी काढली, परत घातली, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला. आधी त्यांच्या भाषेत, मग थावराजींकडे वळून, "चलो, हुकुम आ गया." मग पलटण निघाली. खेचरं पुढे, माणसं मागे.

तीन दिवसांनी सगळेच पकडले गेले. साहेब एका कैदेत, थावराजी दुसऱ्या. परत भेट नाही.

म्हणजे हुकूम आल्यावर पूल सोडला. पुस्तक म्हणतं आल्याआधी. दीड ओळीत एका माणसाची सगळी नोकरी बुडाली, आणि ती खोटी आहे हे सांगणारा साक्षीदार दारव्हा तालुक्यात ज्वारी पेरतो.

यावर लिहायचं. ठरवलं.

२२ जानेवारी १९५८

सौ. म्हणाली, "रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. तुम्ही फ्रान्सला निघालात."

१४ मार्च

नागपूरच्या मासिकाकडे लेख पाठवला होता, 'दोन लढाया, एक सेनापती'. परत आला. संपादक लिहितात, लेखन बरं आहे, पण परकीय सेनापतीच्या बाजूने वाचकांना काय गोडी? आपल्याकडच्या एखाद्या वीरावर लिहाल तर अवश्य पाहू.

थावराजी आपल्याकडचेच आहेत हे यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. की मीच त्यांना लेखात तीनच ओळी दिल्या? वाचून पाहिलं. तीनच आहेत.

२ मे

ऊन असं की कौलावर हात ठेववत नाही.

दिल्लीच्या फ्रेंच वकिलातीचं उत्तर आलं. पाकीट जाड. मोठ्या आशेने उघडलं. आत फ्रान्समधल्या प्रेक्षणीय स्थळांची रंगीत पुस्तिका. पत्र नाही. सौ.ने ती भिंतीला लावायला मागितली. दिली.

१९ जुलै

सैन्याच्या दप्तराकडून पत्र. थावरा राठोड, तांडा बोरीअरब, या नावाचा कोणी खेचरपथकात नव्हता.

साक्षीदार तिथे होता हेच सिद्ध होत नाही, तर पुढे काय.

२३ जुलै

पावसात चिखल तुडवत तांड्यावर. जरा रागातच विचारलं. थावराजी शांत. म्हणाले, "त्या नावानं कसा सापडीन? माह्यं नाव तथी ठाकूरसिंग होतं."

कामठीच्या भरतीत कारकुनाने जात विचारली. बंजारा म्हटल्यावर तो म्हणाला, तुमची भरती नाही. मागच्याने कानात सांगितलं, राजपूत सांग. मग ठाकूरसिंग, राजपूत, मुक्काम जयपूर.

"जयपूर पाहिलंय?"

"नाई. आगगाडीतून रात्री गेलतो म्हणतेत. झोपलो होतो."

कैदेतून सुटून येईपर्यंत हे ठाकूरसिंगच. घरी आल्यावर परत थावरा. आणि मी आठ महिने ज्या साक्षीदाराचं नाव सगळीकडे कळवत बसलो, त्या नावाचा माणूस फ्रान्समध्ये नव्हताच. तीस वर्षं कोर्टात काढून पहिला प्रश्न विचारायचा राहिला, सरकारी दप्तरात तुमचं नाव काय.

५ डिसेंबर, नागपूर

पुतणीच्या लग्नाला आलो. लग्नातून निसटून चर्चमध्ये गेलो. तिथले म्हातारे पाद्री फ्रेंच आहेत, हे आमच्या जुन्या मुन्सफांकडून कळलं होतं. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं. हिंदी चांगलं बोलतात. त्यांचे भाऊ फ्रान्समध्ये वकील, जुनी सरकारी गॅझेटं काढून पाहू शकतील, म्हणाले. "पर जल्दी मत कीजिए. हम पाद्री और वकील, दोनों धीरे चलते हैं."

एका वर्षात पहिला माणूस, ज्याने 'कशाला' म्हणून विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी १९५९

पाद्रीबाबांचं पत्र. बेलव्हारची सगळी नोकरी एका पानावर.

चौदा साली लेफ्टनंट. गुडघ्याची जखम, पदक. लढाई संपता संपता कॅप्टन. मग मोरोक्कोत बारा वर्षं, तिथे मेजर, कर्नल. एका डोंगरी गावावर तोफा डागायला नकार दिला म्हणून बढती दोन वर्षं अडली (हे पाद्रीबाबांच्या भावाने ऐकलेलं, कागदावर नाही). एकोणचाळीसमध्ये ब्रिगेडचा जनरल. चाळीसच्या जूनमध्ये पूल. पाच वर्षं जर्मन कैद. सुटून आल्यावर चौकशी, तीन बैठका, सक्तीने निवृत्त. चौकशीत आपल्या बाजूने एक शब्द बोलला नाही.

आणि शेवटी, जनरल हयात आहेत. बहात्तर वर्षांचे. एका लहान गावात मुलीजवळ राहतात. पत्ता दिला आहे.

हयात आहेत. मी हा माणूस मेलेला धरून चाललो होतो.

२ मार्च

थावराजींचं बयान स्टँपपेपरवर, तहसिलीत शपथेवर. 'हुकमाचा कागद आला, तो मी पाहिला, साहेबांनी तो वाचला, त्यानंतरच पूल सोडला.' दोन्ही नावं लिहिली, ठाकूरसिंग ऊर्फ थावरा. अंगठा. पाद्रीबाबा फ्रेंच करून पाठवतील, सोबत माझं पत्र.

एक मनात राहतं आहे. पूल सोडला ती वेळ पहिल्या बयानात त्यांनी सकाळची सांगितली होती, आज दुपारची. मी म्हटलं, "सकाळीच ना, थावराजी?" ते म्हणाले, "हाव, सकाळीच." हा सूचक प्रश्न झाला. कोर्टात कोणी असा विचारला असता तर मीच मान वर करून पाहिलं असतं.

३ मार्च

झोप नीट लागली नाही. लिहून टाकतो. एकोणतीस साली एका कोलाम आदिवासीची साक्ष मी अशीच 'नीट' केली होती. त्याला मराठी धड येत नव्हतं. तो म्हणाला एक, मी लिहिलं सरळ, सुसंगत. त्याचा मेहुणा सहा वर्षं आत गेला. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही.

३० जून

उत्तर नाही. थावराजी दर बाजाराला येऊन ओसरीवर बसतात. काही विचारत नाहीत. चहा पिऊन जातात. विचारत नाहीत याचाच त्रास होतो.

११ सप्टेंबर

आलं.

पाद्रीबाबांनी इंग्रजीत उतरवून धाडलं आहे. जनरलचं स्वतःच्या हातचं, अर्धंच पान. आशय असा. ठाकूर त्यांना आठवतो, आणि आपण त्याला दिलेल्या शिव्याही आठवतात. तो जिवंत असल्याचं वाचून फार बरं वाटलं. पण त्याची चूक होते आहे. हुकूम आला नव्हता. सकाळी वाट पाहिली, दुपारपर्यंत पाहिली. मोटरसायकलवाला आला तो वाट चुकून, रिकाम्या हाताने. पूल मी माझ्या जबाबदारीवर सोडला. पुलावर माझी साडेचारशे माणसं होती, मागे ज्यांना पकडलं त्यांचीही संख्या मला पाठ आहे. दोन्ही माझ्या हिशेबात. चौकशीत बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. ठाकूरला माझा सलाम सांगा आणि हे बयान कृपया पुढे नेऊ नका.

पुस्तकाची दीड ओळ बरोबर होती.

१२ सप्टेंबर

चिडचिड. कशावर ते सांगता येत नाही. भाजी अळणी म्हणून सौ.वर ओरडलो. तिने मीठ वाढलं आणि म्हणाली, "खरं कळलं तर बरं वाटायला हवं होतं ना तुम्हाला?"

२० ऑक्टोबर

पाच बाजार गेले, सांगू शकलो नाही. 'अजून काही नाही' म्हणालो. एकेका वाक्यासाठी शपथेवर साक्ष घेणारा मी, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोलतो.

२७ ऑक्टोबर

आज सांगितलं. पत्र आलं, सलाम सांगितला आहे. थावराजींनी उभं राहून सलाम घेतला. मग पुढचं सांगितलं. हुकूम आला नव्हता, असं साहेब स्वतः लिहितात.

रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब म्हातारा झाला."

"त्यांनी सगळं नीट लिहिलंय, थावराजी."

"कागद त्याच्या हातात होता. मी पाह्यला. लिवा त्याईले, कागद होता म्हणून."

मी म्हटलं, साहेबांचीच इच्छा नाही. त्यावर उठून गेले. चहा तसाच राहिला.

१ मे १९६०

गावात गुलाल, मिरवणुका, नवं राज्य झालं. आमचा वऱ्हाड आता मराठी राज्यात. पोलिसांच्या बँडच्या मागून थावराजी चालताना दिसले, पलटणीच्या पावलाने. सहा महिन्यांत घरी आले नव्हते. हात केला. त्यांनीही केला.

१३ ऑगस्ट

जनरलच्या मुलीचं पत्र, पाद्रीबाबांमार्फत.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आहे. वाचा गेली, हात चालत नाही. तुमचं जुनं बयान त्यांच्या टेबलाच्या खणात सापडलं. हे मला त्यांनी कधी दाखवलं नाही. लष्करी खातं जुन्या चौकशा पुन्हा उघडतं आहे. साक्षीदाराचं नवं, शपथेवरचं, तपशीलवार बयान मिळालं तर वडिलांचं नाव स्वच्छ होईल. ते हयात आहेत तोवर. त्यांना विचारता येत नाही, म्हणून मी विचारते आहे.

वडिलांनी मला काय लिहिलं होतं, ते तिला माहीत नाही. माझ्याजवळ ते पत्र आहे. पाठवलं तर मुलगी बापाविरुद्धचा पुरावा बापाच्याच अक्षरात वाचेल. नाही पाठवलं तर.

१९ ऑगस्ट

पाद्रीबाबांना लिहिलं, काय करू? उलट टपाली उत्तर. एकच ओळ. 'आप कोर्ट के आदमी हैं, मैं तो सिर्फ़ माफ़ी का काम करता हूँ.'

काही उपयोग नाही.

२९ ऑगस्ट

तांड्यावर. पोळा आठवड्यापूर्वी झाला, त्याचा रंग अजून बैलांच्या शिंगांवर. थावराजी ओट्यावर सुतळी वळत होते. मुलीचं पत्र सांगितलं. साहेबांची वाचा गेली म्हटल्यावर त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

मग म्हणाले, "बाबूजी, मले एक डाव अजून पुसा. पण या डावाले तुमी काही सांगू नोका. नुसतं आयका."

आता जसंच्या तसं लिहितो.

"सकाळी आमच्या क्लार्कनं लंगड्या खेचरायची यादी लिवून देल्ली. ती मी साहेबाले नेऊन देल्ली. रोजचंच काम होतं. मंग मोटरसायकल आली. तो पोट्टा खाली उतरला, काही बोलला, त्याच्या हातात काही नोहोतं. साहेबानं खिशातून कागद काढला. वाचला. टोपी काढली. न म्हटलं, हुकूम आला. तो कागद माह्याच यादीचा होता बाबूजी. त्याच्यावर माह्या अंगठ्याचा तेलाचा डाग होता. खेचराच्या खुराले लावतो ते तेल."

मी म्हटलं, "हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी पुसलं, कागद आला का. कागद तर होता."

"थावराजी."

"साहेबानं साऱ्याइसमोर हुकूम आला म्हटलं. माणसं त्याच्या बोलण्यावर निघाली, कोणाच्या मनात नाई आलं का आपण पळून राह्यलो म्हणून. आता मी एकटा कसा म्हणू, नाई आला?"

सून येऊन दिवा लावायचा का विचारून गेली.

३० ऑगस्ट

सकाळपासून हाच विचार. कालचं खरं आहे का? साहेब काय म्हणतात हे मी त्यांना ऑक्टोबरात सांगितलं होतं, मोटरसायकलवाला रिकाम्या हाताने आला हे मात्र सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलं असेन का? या रोजनिशीत चाळलं. लिहिलेलं नाही. पण सगळं कुठे लिहिलंय मी.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं ऐकल्यावर बदललेली साक्ष कोणतंही कोर्ट मानणार नाही. आणि तेलाचा डाग कोणी ऐकून रचत नाही, हेही तीस वर्षांत शिकलो.

७ सप्टेंबर

थावराजी आले, धुतलेलं धोतर, डोक्याला पलटणीचा जुना फेटा. सौ.ने आज चहाबरोबर चिवडा दिला. ओसरीवर स्टँपपेपर मांडला.

मी विचारलं, "काय लिहू?"

"तुमी सांगा. मी दोन्हीवर अंगठा देतो. एक साहेबासाठी, एक पोरीसाठी."

"दोन्ही खरं नसतं, थावराजी."

"काहून? साहेबानं हुकूम आला म्हटलं, हे खरं हाय. कागद होता, हेबी खरं. तुमाले अजून काय पायजे?"

सौ. दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यांना जे पाहिजे ते कोर्टातच असतं. तुम्ही चिवडा खा."

थावराजी खात बसले. अंगठ्याला शाई लावलेली होती, म्हणून डाव्या हाताने. मी वर लिहिलं, 'मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की'. पुढे दोनदा टाक बुडवला. शाई टोकावर वाळली.

त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, मोटार चार वाजता आहे, आज झालं नाही तर पुढल्या बाजाराला येतो. तुमी तवरोक बसून घ्या.

गेले. पाद्रीबाबांचं फ्रान्सचं टपाल शनिवारी निघतं. कागद समोर आहे.